पनवेलच्या कच्च्या वाटांवर पहिल्यांदा एमटीबी नेताना

ठाण्यात आणि नवी मुंबईत माउंटन बाईक (एमटीबी) घेणारे अलीकडे खूप वाढले आहेत. पण यातल्या बहुतेक सायकली पाम बीच रोड, येऊरचा चढ, नाहीतर खारघर हिलचा डांबरी रस्ता, एवढ्यातच फिरतात. जाड टायर, पुढचं सस्पेन्शन, चढासाठीचे हलके गिअर हे सगळं ज्या जमिनीसाठी बनवलं ती जमीन पनवेल ओलांडलं की सुरू होते. नेरे, वाजे, गाढेश्वर धरण, मालडुंगे आणि शेवटी धोदाणी असा हा पट्टा. दक्षिणेला प्रबळगड, पूर्वेला माथेरान, उत्तरेला चंदेरीची रांग. पनवेलमधून वाहणारी गाढी नदी याच डोंगरांतून उतरते. धोदाणीपर्यंतचा मुख्य रस्ता डांबरी आहे, पण त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे रस्ते, गाडीवाटा, गुरांच्या वाटा आणि पायवाटा एकमेकींत गुंतत वाड्यांपर्यंत आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलेल्या आहेत.

इथे पाट्या नाहीत, बाण नाहीत, तिकीट खिडकी नाही. या वाटा सायकलवाल्यांनी आखलेल्या नाहीत. ठाकर, कातकरी आणि आगरी माणसांच्या रोजच्या येण्याजाण्याने त्या पडल्या आहेत. म्हणून नव्याने जाणाऱ्याला माझं सांगणं एकच असतं: पहिली फेरी वाट ओळखण्यात घालवा. कुठली वाट कुणाची, कुठे जाते, कुठे संपते, कुठे उतरून चालायचं, एवढं कळलं की ती फेरी कामी आली. वेग पुढच्या फेऱ्यांत आपोआप येतो.

आधी जागा नक्की करा

ठाणेकर विचारतात, येऊर दारात असताना एवढ्या लांब कशाला? येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय फिरता येत नाही. उपवनकडून वर पाड्यांपर्यंत जाणारा डांबरी रस्ता सायकलसाठी चांगला आहे, फक्त वनखात्याच्या चौकीवर ठरवून दिलेली वेळ पाळा. रस्त्याच्या कडेने झाडीत शिरणाऱ्या वाटा मात्र सोडून द्या. तिथे बिबट्यांचा वावर आहे, पहाटे आणि संध्याकाळी तर जास्तच. हेच कर्नाळा अभयारण्यालाही लागू. येऊरचा उपयोग चढाच्या तयारीसाठी करा. तो चढ मध्ये न उतरता, दम सांभाळून पार करता आला की नेऱ्याकडचे चढ तुम्हाला जड जाणार नाहीत.

खारघर हिलवर चाफेवाडी आणि फणसवाडी या पाड्यांकडे जाणारा रस्ता हा नवी मुंबईकरांसाठी जवळचा सराव. चढ चांगला, वर मोकळं पठार. पण पावसाळ्यात पांडवकडा आणि आसपासच्या भागात पोलीस मनाई आदेश काढतात. ओढ्यांना अचानक लोंढा येतो आणि तिथे माणसं दगावलेली आहेत. गाढेश्वर धरणाच्या बाजूलाही पावसाळ्यात अशी बंदी असते. ती मोडून आत शिरण्यात काही मर्दुमकी नाही.

धोदाणीच्या बाजूला डोंगरउतार चढायला लागलं की बराच भाग राखीव वनाचा आहे. शिवाय माथेरानभोवतीचा परिसर 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. वनविभागाचा फलक दिसला तर तिथेच थांबा, वाडीत विचारा आणि शंका असेल तर मागे फिरा. नवख्याला लागणाऱ्या वाटा सगळ्या खाली, वाड्या आणि शेतांच्या आसपासच आहेत. त्यासाठी जंगलात घुसावं लागत नाही.

कधी जायचं

दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत. त्यातही डिसेंबर आणि जानेवारी उत्तम.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भातकापणी चालू असते. कापलेलं भात गाडीवाटेवर, खळ्याच्या कडेला पसरलेलं असतं, माणसं सकाळपासून कामात असतात. तेव्हा गेलात तर मुख्य रस्त्यांवरच राहा. थंडी पडली की शेतात वाल लागतो, वाटा कोरड्या आणि घट्ट होतात, हवा स्वच्छ असते. रायगडात याच दिवसांत पोपटी लागते. भांबुर्डीचा पाला घातलेल्या मडक्यात वालाच्या शेंगा भाजतात. कुणी बोलावलं तर नाही म्हणू नका, त्या दिवशी परतायला थोडा उशीर झाला तरी चालेल.

मार्चनंतर मुरूम सुटा होतो. त्याचे खडे टायरखाली शेंगदाण्यांसारखे घरंगळतात, आणि सागाची वाळलेली पानं वाटेवरचे दगड झाकून टाकतात. शेतकरी एप्रिल-मेमध्ये राब भाजतात, म्हणजे भाताच्या रोपांसाठीच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, त्याचा धूर सकाळी खाली बसलेला असतो. उन्हाळ्यात जायचंच असेल तर साडेनऊला सायकल परतीला लागलेली असली पाहिजे.

पावसाळ्यात कच्च्या वाटेवर जाऊ नका. मनाई आदेश नसेल तरी जाऊ नका. ओल्या मातीत टायरने पाडलेली चाकोरी पुढच्या सरीत ओहळ बनते, पाणी तिच्यातून धावतं आणि वाट खोल होत जाते. ऊन पडलं की ती चाकोरी तशीच कडक होते, आणि मग डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईचा पाय त्यात मुरगळतो. अवकाळी पाऊस झाला असेल तर साधी परीक्षा आहे. टाच मातीत दाबा. टाच रुतली आणि माती बुटाला चिकटून वर आली, तर आज डांबरी रस्त्यावरूनच फिरा.

सायकल आणि सामान

महागड्या सायकलीची गरज नाही. हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली साधी सायकल पुरते, चाक 27.5 इंची असो की 29. हायब्रिड, म्हणजे रोड बाईक आणि माउंटन बाईक यांच्या मधली सायकल असेल तर मुरमाच्या रुंद रस्त्यांवर जा, अरुंद वाटेवर नको. पाहायच्या गोष्टी तीन: ब्रेक, हवा आणि सीट.

ब्रेक एका बोटाने लागले पाहिजेत. लिव्हर दाबून हँडलला टेकत असेल तर आधी दुकानात जा, मग पनवेलला.

हवेबाबत जवळजवळ सगळे चुकतात, कारण रस्त्यावर चालवताना 50 पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास भरायची सवय असते. तेवढी हवा मातीवर नेली की टायर दगडावरून उडतो आणि वळणावर निसटतो. 65 ते 75 किलो वजनाच्या माणसाने, 2.1 ते 2.25 इंची टायरमध्ये ट्यूब असेल तर पुढे 28 ते 30 आणि मागे 30 ते 33 पीएसआय ठेवावं. ट्यूबलेस असेल तर 22 ते 26 चालतं. ट्यूब असताना फार कमी हवा ठेवली तर टायर दगडावर आपटून रिमला दाबतो आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. घरून निघताना रस्त्यासाठी हवा भरा आणि कच्ची वाट लागायच्या जागी थोडी सोडा. छोटा हवामापक यासाठीच जवळ ठेवायचा.

सीटची उंची चढाला वेगळी आणि उताराला वेगळी लागते. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवतानाच बटणाने वरखाली होणारा सीटचा दांडा, नसेल तर सीटखालची क्विक रिलीझची कळ सैल करून उताराआधी सीट चार-पाच बोटं खाली घ्या. यात अर्धं मिनिट जातं आणि पडायची शक्यता कितीतरी कमी होते.

सामानात दोन ट्यूब हव्यात, एक नाही. बाभूळ आणि बोरीच्या काट्यांचा हा मुलूख आहे. टायर लिव्हर, पंप, पॅच, मल्टीटूल, चेन जोडायची क्विक लिंक हे नेहमीचं. याशिवाय तुमच्या सायकलचा डेरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा, जवळ ठेवा. सायकल उजव्या बाजूला पडली की हा छोटा तुकडा वाकतो किंवा तुटतो, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असल्यामुळे पनवेलच्या दुकानातही तो मिळेलच असं नाही. हवेच्या व्हॉल्व्हचंही पाहून घ्या. श्रेडर, म्हणजे मोटारसायकलला असतो तसला व्हॉल्व्ह असेल तर गावातल्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्यावर बसणारा पितळी अडॅप्टर आणा, काही रुपयांना मिळतो.

अंगावर हेल्मेट, पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज, सपाट तळाचे बूट, चष्मा. गुडघ्यांचे पॅड घातलेत तर उत्तम. पायात अडकणारे क्लिपलेस पेडल पहिल्या फेरीला वापरू नका, दर थोड्या वेळाने उतरावं लागणार आहे. पाणी माणशी अडीच ते तीन लिटर. त्यातलं एक तृतीयांश संपलं की परत फिरायचं, मग वाट कितीही छान चाललेली असो. दुसरा तृतीयांश परतीसाठी आणि उरलेला अडचणीसाठी.

पोहोचायचं कसं

पनवेलपासून नेरे सात-आठ किलोमीटर आणि धोदाणी 15 ते 20 किलोमीटरच्या दरम्यान. खारघर-कामोठ्याच्या लोकांनी सायकलवरच निघावं. ठाण्याहून पनवेल पस्तीसेक किलोमीटर पडतं. त्यामुळे ठाणेकरांनी पहिल्या वेळी गाडीच्या रॅकवर सायकल आणलेली बरी, नाहीतर कच्ची वाट लागेपर्यंत पाय थकलेले असतात.

सायन-पनवेल महामार्गावर आणि कळंबोलीच्या आसपास अवजड गाड्या फार. उजाडायच्या आत निघालात तर मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा हवाच. कळंबोलीहून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, मोबाइलवरचा नकाशा तिकडे वळवत असला तरी जाऊ नका. नेऱ्याच्या रस्त्याला लागलं की गर्दी कमी होते, पण डंपर कमी होत नाहीत. यातला बराच भाग नैना क्षेत्रात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवती विकासासाठी ठरवलेल्या पट्ट्यात येतो आणि बांधकामं चालू आहेत. गेल्या वर्षी मोकळी असलेली गाडीवाट यंदा पत्र्याच्या कुंपणाला जाऊन भिडलेली दिसू शकते. मला त्याचं वाईट वाटतं, पण वाट बंद असेल तर कुंपणाखालून सायकल सरकवू नका.

नेऱ्यात चहा-नाश्ता उरका, पाणी भरून घ्या. पुढे दुकानं तुरळक आहेत. घरून निघायच्या आधी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये हा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. त्यात पायवाटा आणि ओढे बऱ्यापैकी दाखवलेले असतात. डोंगराच्या कुशीत मोबाइलची रेंज जाते, तेव्हा घरच्यांना आधीच सांगा: कुठल्या गावाच्या बाजूला जातोय, किती वाजता परतीचा फोन करणार.

एकट्याने जाऊ नका. तिघंजण असले की बरं. एकाला लागलं तर दुसरा त्याच्याजवळ थांबतो आणि तिसरा मदत आणायला जातो.

वाट कशी ओळखायची

आता खरा भाग.

परदेशातल्या ट्रेलना दर्जा दिलेला असतो. 1988 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या इम्बा या संघटनेची रंगपद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. पांढरं वर्तुळ सगळ्यांत सोपं, मग हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा डायमंड आणि शेवटी दोन काळे डायमंड. पाटी बघायची, आपल्याला झेपेल ती वाट धरायची. आपल्याकडे पाटी नसते, पण माणसं असतात, आणि नीट विचारलं तर पाटीपेक्षा जास्त कळतं.

प्रश्न मात्र योग्य हवा. "पुढे वाट आहे का?" असं विचारलं तर उत्तर नेहमी "आहे ना" असंच येणार, कारण वाट असतेच. "किती लांब?" याचं उत्तर "हे काय, इथंच". रोज पाऊण तास चालून शेतावर जाणाऱ्याला ते खरंच इथंच असतं. त्याऐवजी विचारा: "मावशी, या वाटेनं मोटारसायकल जाते का? बैलगाडी? की गुरंच?" आणि मग, "चालत किती वेळ लागतो?" या दोन उत्तरांत वाटेचा दर्जा आणि लांबी दोन्ही येतात.

मोटारसायकल जाते असं उत्तर आलं तर ती तुमची पहिली वाट. रुंदी पुरेशी असते, चढ फार तीव्र नसतो, अडलात तर मागून कुणीतरी येतं. इम्बाच्या भाषेत हिरवं वर्तुळ म्हणा. पहिल्या फेरीचा निम्म्याहून जास्त वेळ अशाच वाटांवर घालवा.

बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जातो म्हणाले तर वाट चालवण्यासारखी असते, पण मध्ये उंचवटा आणि दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या असतात. एक चाकोरी निवडा आणि तिच्यातच राहा. मध्येच बाजू बदलायला गेलात तर पुढचं चाक चाकोरीच्या कडेला अडकतं आणि माणूस आडवा होतो. बदलायचीच असेल तर चाकोरी उथळ झालेली जागा येईपर्यंत थांबा आणि पुढचं चाक थोडं उचलून काटकोनाच्या जवळपास ओलांडा.

गुरं जातात म्हणाले तर जरा जपून. गुरांची वाट चालवायला अतिशय सुंदर असते. जनावर उगाच उभा चढ चढत नाही, ते डोंगराच्या अंगाने सावकाश वर जातं, त्यामुळे वाटेला छान लय असते. पण तिला फाटे फुटतात, दहा फाटे मिळून पाण्यावर किंवा गवताळ माळावर जातात आणि तिथे वाट विरून जाते. अशा वाटेवर प्रत्येक फाट्याला थांबा, मागे वळून पाहा आणि परत येताना ही जागा कशी दिसेल ते लक्षात ठेवा. एखादं मोठं आंब्याचं झाड, विहीर, विजेचा खांब ही खूण धरा. दगडांवर रंगाने बाण काढू नका. खूण हवीच असेल तर मोबाइलवर ट्रॅक, म्हणजे आपण गेलेल्या वाटेची जीपीएस नोंद, चालू ठेवा.

आणि "माणूस जातो, मोळीवाल्या बाया जातात" असं ऐकलं तर सायकल खाली ठेवून चालत जा. डोक्यावर ओझं असलेला माणूस जवळची वाट काढतो, आणि जवळची वाट सरळ उभी असते. पायऱ्यांसारखे दगड, घसारा, झाडांची मुळं. धोदाणीहून माथेरानच्या सनसेट पॉइंटकडे चढणारी वाट या जातीची. नवख्याने तिथे सायकल नेण्यात काहीच अर्थ नाही, खांद्यावर घेऊन चढावी लागेल आणि उतरताना जीव धोक्यात जाईल.

उत्तर मिळालं तरी पहिला टप्पा चालत बघून यायला हरकत नाही. दोनशे-तीनशे पावलं चाललात की माती कशी आहे, दगड पक्के आहेत की सुटे, ओढा कोरडा आहे का, हे डोळ्यांना समजतं. आणखी दोन गोष्टी मुद्दाम शोधा. एक म्हणजे वाटेवर आडवी ताणलेली तार. फार्महाउसच्या आणि शेताच्या कुंपणाच्या काटेरी तारा कधीकधी वाटेवर छातीच्या उंचीला लावलेल्या असतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्या दिसत नाहीत. दुसरी, शेताला पाणी नेणारे काळे प्लॅस्टिकचे पाइप. ओले असले की फार निसरडे. ते नेहमी काटकोनात ओलांडायचे, आणि ओलांडताना ब्रेक नाही.

चालवताना

शाळेतली स्लो सायकलिंगची स्पर्धा आठवा. पाय न टेकवता सगळ्यांत शेवटी पोहोचणारा जिंकायचा. कच्च्या वाटेवर लागणारं मुख्य कौशल्य तेच आहे. निघायच्या आधीचे काही दिवस सोसायटीच्या आवारात किंवा मैदानात अगदी सावकाश वळणं घ्यायचा, जागच्या जागी दोन-तीन सेकंद तोल सांभाळायचा सराव करा.

चढावर बसून राहा. उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते सुट्या मुरमावर जागीच फिरायला लागतं. सीटच्या पुढच्या टोकाला सरका, कोपरं खाली घ्या, छाती हँडलकडे झुकवा. हलका गिअर चढ सुरू व्हायच्या आधी टाका. चढात जोर लावत असताना गिअर बदलला तर चेनवर ताण येतो, कधी तुटतेही. सस्पेन्शनला लॉकआउट, म्हणजे ते घट्ट करायची कळ, असेल तर लांब, गुळगुळीत चढावर लावा आणि वर पोहोचल्यावर आठवणीने सोडा.

उताराला याच्या उलट. दोन्ही पेडल सारख्या उंचीवर, म्हणजे खालचं पेडल दगडाला आपटणार नाही. सीटवरून उठा, गुडघे आणि कोपरं सैल वाकवा, कंबर मागे घ्या, टाचा खाली. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका, दहा-पंधरा फुटांवर ठेवा. ज्या दगडाकडे टक लावून बघाल त्याच दगडावर जाल. तेव्हा दगडांमधल्या मोकळ्या जागेकडे बघा.

ब्रेकबद्दल दोन समज मोडायला हवेत. पहिला, पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटतो. उलटतो तो शरीर पुढे असताना ब्रेक एकदम दाबणारा. कंबर मागे असेल आणि बोट हळूहळू दाबलं तर वेग कमी करायचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. दुसरा, वळणात ब्रेक लावून सावरता येतं. सुट्या मातीवर वळणात ब्रेक लावला की चाक निसटतं. वेग वळणाच्या आधी, सरळ भागात कमी करा, वळणात बोटं सैल ठेवा. मागचा ब्रेक करकचून धरून घसरत उतरायची सवय तर मुळीच लावून घेऊ नका. त्याने ताबा जातो, वाट खरवडली जाते आणि टायरही झिजतो.

ओढ्याच्या गोट्यांवर पेडल मारत राहा, थांबलात की तोल जातो. नाही जमलं तर उतरा. सायकल ढकलत नेणं हा या खेळाचाच भाग आहे, चांगले रायडरही ढकलतात. एखादी जागा पुन्हा करून बघावीशी वाटली तर खालून वर चालत जा, दगड बघा, मग प्रयत्न करा. पण दमल्यावर नको. बहुतेक पडझड परतीच्या वेळी, पाणी आणि लक्ष दोन्ही संपल्यावर होते.

वाट ज्यांची आहे त्यांच्याशी

इथला नियम जगभरच्या ट्रेलवरचाच आहे: चालणाऱ्याला आधी वाट, आणि चढणाऱ्या सायकलला उतरणाऱ्याने वाट द्यायची. त्यात आपल्याकडची भर एवढी, की डोक्यावर मोळी किंवा हंडा असलेली बाई दिसली तर सायकलवरून उतरा आणि पूर्ण बाजूला उभे राहा. तिला मान वळवून बघता येत नाही, मागून येणाऱ्या सायकलने ती दचकते. लांबूनच घंटी किंवा आवाज द्या. गुरं समोर आली तर थांबा आणि गुराख्याला विचारून पुढे जा, बैल बुजला तर मार बैलालाच पडतो.

बांधावरून सायकल घालू नका. रिकाम्या दिसणाऱ्या शेतात वाल पेरलेला असू शकतो. वाडीतून जाताना उतरून चालत जा, अंगणात माणसं बसलेली असतात, पोरं खेळत असतात. फोटो काढायचा तर आधी विचारा. पाणी मागितलंत तर हंडा लांबून, डोंगर उतरून आणलेला असू शकतो, तेव्हा घोटभरच घ्या. चहा मिळाला तर पैसे द्या, घेत नसतील तर पुढच्या वेळी वहीपेन न आणता तेलाची पिशवी, चहापत्ती अशी घरात लागणारी वस्तू आणा. वेफर्सची आणि जेलची पाकिटं खिशात घालून परत न्या.

कुत्री धावून आली तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल मध्ये आडवी धरा आणि सावकाश चाला. सायकल थांबली की बहुतेक कुत्र्यांचा रस संपतो.

लागलं तर

पडताना हात पुढे टेकवला जातो, म्हणून मनगट आणि गळ्याच्या बाजूचं हाड ही नेहमीची मोडणारी ठिकाणं. हात हलवू देऊ नका. जास्तीची ट्यूब गळ्यात अडकवून त्यात हात ठेवला की झोळी तयार होते. डोक्याला मार बसून उलटी झाली, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो "ठीक आहे" म्हणत असला तरी थेट रुग्णालयात. रुग्णवाहिकेसाठी 108, पोलीस आणि इतर मदतीसाठी 112. पत्ता सांगताना ॲपमधले अक्षांश-रेखांशाचे आकडे उपयोगी पडत नाहीत, जवळच्या वाडीचं नाव आणि ती कुठल्या फाट्यापासून आहे ते सांगा. म्हणून निघतानाच प्रत्येक वाडीचं नाव विचारून ठेवायचं.

या भागात फुरसं, घोणस, मण्यार, नाग हे चारही विषारी साप आहेत. दगडावर किंवा गवतात बघितल्याशिवाय हात-पाय ठेवू नका. दंश झाला तर चिरा देऊ नका, घट्ट आवळून बांधू नका, माणसाला चालवू नका. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव स्थिर ठेवा आणि पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघा. वाडीत मोटारसायकल असते, मदत मागा. मी अजून तरी अशा वेळी कुणी नाही म्हटलेलं ऐकलेलं नाही.

घरी आल्यावर

सायकलला जोराच्या पाण्याचा फवारा मारू नका, बेअरिंगमध्ये पाणी जातं. बादली, ब्रश आणि फडकं पुरे. चेन पुसून कोरडी करा, तेलाचा थेंब प्रत्येक कडीवर, जास्तीचं पुसून टाका. टायर बोटांनी चाचपून काटे काढा. आत अर्धवट रुतलेला काटा दोन दिवसांनी घरातच हवा काढतो.

मग त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, ट्रॅक उघडा आणि त्यावर टिपा लिहा: इथे तार, इथून पुढे फक्त गुरांची वाट, या विहिरीपाशी डावीकडे, या वाडीत अमुक काकांना विचारायचं. दोन-तीन फेऱ्यांत तुमचा स्वतःचा नकाशा तयार होईल. तो ऑनलाइन टाकायच्या आधी कुणाच्या अंगणातून, शेतातून किंवा वनविभागाच्या फलकापुढून गेलेला भाग कापून टाका. एकदा ट्रॅक सगळीकडे पसरला की रविवारी तीस सायकली त्याच अंगणातून जातात, आणि मग वाडीवाले वाटेवर काटे टाकतात. ओळखीच्या लोकांना सोबत नेऊन वाट दाखवा, एका वेळी चार-पाच जणांच्या वर नको.